सौदा उघड, कारण झाकलेलं

२०२४ च्या सप्टेंबरात आम्ही दोघं मुलाकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला गेलो, ते डिसेंबरपर्यंत राहिलो. पहिल्या पंधरवड्यातच एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. रविवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास ते घर एकदम गप्प होतं. सूनबाई पोह्यांच्या बशा उचलते ती आवाज न करता. नातू कानातली बोंडं काढून ठेवतो. आणि एरवी आठवडाभर एका औषध कंपनीच्या हिशेबात बुडालेले आमचे चिरंजीव मांडीवर लॅपटॉप घेऊन श्वास रोखून बसतात. पहिल्या रविवारी मला वाटलं, कुणाच्या तरी ऑपरेशनची बातमी यायची आहे. मी हळूच सूनबाईला विचारलं, तर ती म्हणाली, ‘‘बाबा, यादी यायचीय.’’

ही यादी कसली, ते आधी सांगतो. रविवारचे फुटबॉलचे सामने तिथल्या दुपारी एकला सुरू होतात. त्याच्या नव्वद मिनिटं आधी, आज कोणते खेळाडू मैदानात उतरणार नाहीत हे प्रत्येक संघाला जाहीर करावं लागतं. फुटबॉल म्हणजे आपला पायानं खेळायचा नव्हे. लंबगोल चेंडू काखेत मारून पळायचं आणि वाटेत पाच-सहा धिप्पाड माणसं अंगावर येऊन पडायची, तो फुटबॉल. आता एखाद्याची मांडी आखडली म्हणून तो बसला, तर त्याचं दुःख त्याच्या संघाला असायचं. आमच्या मुलाला का असावं? कारण तो खेळाडू मुलाच्याही संघात होता! मुलगा एका संघाचा मालक आहे, हे मला पासष्टी जवळ आल्यावर कळलं.

या खेळाला फँटसी फुटबॉल म्हणतात. मी त्याला भातुकलीचा फुटबॉल म्हणतो. भातुकलीत भांडी खोटी आणि चुरमुरे खरे असतात, तसं इथं संघ खोटा आणि खेळाडू खरे. दहा-बारा मित्रांनी मोसमापूर्वी एकत्र बसायचं आणि व्यावसायिक लीगमधले खरे खेळाडू आळीपाळीनं वाटून घ्यायचे. पहिल्या फेरीत एक ते बारा असा क्रम, दुसऱ्या फेरीत बारा ते एक, म्हणजे शेवटी आलेल्यावर अन्याय नको. मग दर आठवड्याला त्या खेळाडूनं खऱ्या मैदानावर जे केलं त्याचे गुण आपल्या खात्यात जमा. दहा यार्ड धावला, एक गुण. चेंडू पार नेऊन टचडाऊन केला, सहा गुण. या आठवड्यात माझी गाठ तुझ्याशी, पुढच्या आठवड्यात तिसऱ्याशी. मात्र सगळे खेळाडू एकदम खेळवता येत नाहीत. मोजके आत, बाकीचे राखीव. कोणाला आत घ्यायचं ते मालकानं सामन्यापूर्वी ठरवायचं. ठरवायला विसरलात आणि तुमचा गडी त्या दिवशी खेळलाच नाही, तर त्या जागी भोपळा.

याची सुरुवात कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या मंडळींनी केली. ओकलंड रेडर्स या संघाचा एक भागीदार बिल विंकेनबाख १९६२ साली संघाबरोबर पूर्वेच्या दौऱ्यावर असताना न्यूयॉर्कच्या हॉटेलात दोन-तीन जणांबरोबर बसला आणि या खेळाचे नियम मांडले गेले. १९६३ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या घरी आठ मालकांनी पहिल्यांदा खेळाडू वाटून घेतले. सभासद कोणाला करायचं? तर व्यावसायिक फुटबॉलच्या कारभाराशी संबंध असलेला, किंवा फुटबॉलवर लिहिणारा पत्रकार, किंवा मोसमाची दहा तिकिटं घेतलेला वा विकलेला माणूस. म्हणजे आतल्या गोटातल्या बातम्या ज्यांच्या खिशात, तेच खेळणार! बँकेतल्या माणसाच्या नजरेला हे पहिल्याच दिवशी खुपतं. पण सगळ्यांच्याच खिशात असल्यावर बोलणार कोण?

पुढे हे वेड देशभर पसरलं. त्यावर ‘द लीग’ नावाची मालिका २००९ ते २०१५ चालली. तीत मित्रांच्या लीगमधल्या चषकाचं नाव ‘शिवा’. शाळेत पहिली आलेल्या भारतीय वंशाच्या शिवाकामिनी नावाच्या मुलीवरून ठेवलेलं, आणि ती भूमिका करणारी नटी जनीना गावणकर. आडनाव ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी तिची सगळी चौकशी करून घेतली, ते असो.

मुलाच्या लीगमध्ये बारा मालक. निम्मे त्याच्या कंपनीतले, निम्मे आपल्या मंडळातले. प्रत्येकी शंभर डॉलर वर्गणी. पहिल्याला आठशे, दुसऱ्याला तीनशे, तिसऱ्याला त्याचे शंभर परत. ही लीग २०११ पासून चालू आहे आणि आमचा मुलगा तिचा कमिशनर, म्हणजे वर्गणी गोळा करणारा, नियम सांगणारा आणि शिव्या खाणारा. बाराजणांची नावं मी सांगणार नाही. बँकेतली सवय. गोष्टीपुरतं एकाला सांगलीकर म्हणू, एकाला नाशिककर. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, म्हणजे हे साडू. तिसरे एक वकील आहेत, अमेरिकन, जर्सी सिटीचे. आणि एक बाई, बाराजणांत एकट्या.

या खेळाचा खरा रस बाजारात आहे. मोसम सुरू झाल्यावर कोणाच्याच संघात नसलेले खेळाडू उचलता येतात. मुलाच्या लीगमध्ये त्यासाठी प्रत्येकाला वर्षभराचे शंभर खोटे डॉलर मिळतात. कोणाला कोणता खेळाडू हवा त्याची बोली गुपचूप टाकायची आणि ठरल्या वेळी सगळ्या बोल्या एकदम उघडायच्या. हे मी पाहिलं आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. शाखेचं फर्निचर करायचं असो की जप्तीचा ट्रॅक्टर विकायचा असो, लाखेनं बंद केलेली पाकिटं मी आयुष्यभर उघडली आहेत. पाकीट बंद का असतं, ते लहान मुलालाही समजतं. पण ते सगळ्यांसमोर उघडायचं असतं, हे मोठमोठ्यांना समजत नाही.

दुसरा बाजार अदलाबदलीचा. तुझा धावपटू मला दे, माझा चेंडू झेलणारा तू घे. ही बोलणी दोघांतच होतात. ती तशीच व्हायला हवीत. एका वर्षी एका मालकानं आपल्याला आलेला प्रस्ताव सगळ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला होता. ‘‘मला एवढं मिळतंय, कोणी वाढवतंय का?’’ प्रस्ताव पाठवणाऱ्याचं त्यात नुकसान असं की, हा आपला अमुक गडी काढायला बसलाय हे अकराजणांना फुकटात कळलं. त्यानंतर त्या माणसाला दोन वर्षं कोणी प्रस्ताव पाठवला नाही, असं मुलगा सांगतो. नियमात शिक्षा नव्हती. लोकांनी आपली आपण दिली.

बोलणी संपून सौदा ठरला की मात्र तो जाहीर होतो आणि इथंच गोम आहे. मुलाच्या लीगचा नियम असा होता: सौदा जाहीर झाल्यापासून चोवीस तासांत, ज्यांचा त्यात संबंध नाही अशा दहाजणांपैकी चौघांनी विरोधात मत दिलं की सौदा रद्द. पुष्कळ लीगमध्ये असं काहीतरी असतं. हेतू चांगला. तळाला गेलेल्या माणसानं आपला उत्तम गडी मित्राला फुकट देऊन टाकला आणि बक्षीस दोघांनी वाटून घेतलं, तर बाकीच्या दहांचे पैसे बुडाले. अशी संगनमतं होतात. त्यावरून अमेरिकेत भांडणं इतकी होतात की फी घेऊन फँटसी लीगच्या वादांचे लेखी निकाल देणारे वकील तिथं आहेत! हसू नका. आपल्याकडे गणपतीच्या वर्गणीवरून काय काय होतं, ते आठवा.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी, सांगलीकर आणि नाशिककर यांचा सौदा जाहीर झाला. सांगलीकराचा संघ दहाव्या नंबरवर, जवळजवळ बाद. नाशिककराचा तिसरा. सांगलीकरानं आपला सर्वोत्तम धावपटू दिला, आठवड्याला सरासरी अठरा गुण आणणारा. बदल्यात घेतले दोन मध्यम गडी, एक दहावाला, एक नऊवाला. बेरीज एकोणीस होते म्हणून कोणाला बरोबरी वाटेल, पण आत खेळवायच्या जागा मोजक्या. एका जागी अठरा आणणारा हा दोन जागा अडवून एकोणीस आणणाऱ्यांपेक्षा कितीतरी महाग.

तासाभरात गटावर आगडोंब उसळला. ‘साडूचं साडूला’ ही म्हण नाही, पण त्या रात्री झाली. वकीलसाहेबांनी मुद्देसूद लिहिलं: एक, सौदा असमान आहे. दोन, दोघे नातेवाईक आहेत. तीन, देणाऱ्याला स्पर्धेत काही उरलेलं नाही. सबब देणाऱ्यानं कारण सांगावं. सांगलीकरानं एका ओळीत उत्तर दिलं, ‘‘माझी टीम, माझा निर्णय.’’ नाशिककर काहीच बोलला नाही.

रात्री दहा वाजता मुलगा माझ्या खोलीत आला. दार लावून घेतलं. म्हणाला, ‘‘बाबा, मला कारण माहीत आहे. आणि सांगता येत नाही.’’

कारण असं होतं. सांगलीकराच्या वडिलांना मिरजेला इस्पितळात हलवलं होतं आणि दुखणं शेवटचं होतं. तो बुधवारी रात्री विमानात बसणार होता, परत कधी येईल ते माहीत नव्हतं. त्याचा तो उत्तम धावपटू मांडी दुखावलेला. खेळेल की नाही, हे दर रविवारी यादी लागेपर्यंत कळायचं नाही. एडिसनला साडेअकरा वाजतात तेव्हा मिरजेत रात्रीचे दहा. इस्पितळाच्या व्हरांड्यात बसून माणूस ती यादी बघणार का? त्याला असे दोन गडी हवे होते, जे मुकाट्यानं दर आठवड्याला खेळतात आणि ज्यांच्या संघांचे सुट्टीचे आठवडे होऊन गेले आहेत. एकदा नेमून ठेवले की महिनाभर बघायला नको. म्हणजे वाटेल त्या संघाविरुद्ध आपण रिकाम्या जागा खेळवतो आहोत, असं होऊ नये. आणि नाशिककराला रविवारी घरी बसायला सवड होती. तोच धावपटू एकाच्या हाती ओझं होता आणि दुसऱ्याच्या हाती सोनं. दोघांनाही सौदा परवडत होता. कागदावर मात्र तो लुटीसारखा दिसत होता.

मग सांगत का नव्हता? त्याच्या आईला दुखणं काय आहे ते अजून सांगितलेलं नव्हतं. मंडळाच्या गटावर टाकलेली बातमी एडिसनहून सांगलीला पोचायला किती वेळ लागतो, ते सगळ्यांना माहीत आहे. शिवाय लीगमधले निम्मे लोक त्याच्याच कंपनीतले, आणि कंपनीत तेव्हा माणसं कमी करण्याचं वारं होतं. किती दिवस नसणार हे त्याला ऑफिसात इतक्यात फुटू द्यायचं नव्हतं. साडूला घरातूनच माहीत होतं. तो तोंड मिटून चोर म्हणवून घेत होता.

हे सगळं मी इथं लिहितो आहे ते सांगलीकराच्या परवानगीनं. परवानगीचा मुद्दा मला बँकेनं शिकवला. बँकेच्या परीक्षांना बसलेल्या कोणालाही विचारा, टुर्निये खटला त्याला आठवेल. १९२४ चा, इंग्लंडमधला. टुर्निये नावाच्या गृहस्थाच्या खात्यात नऊ-साडेनऊ पौंडांचं देणं राहिलं होतं. मॅनेजरनं त्याचा पत्ता काढायला त्याच्या मालकाला फोन केला आणि बोलता बोलता सांगून टाकलं की हा माणूस बुकीकडे पैसे लावतो. टुर्नियेची नोकरी गेली. त्यानं बँकेवर दावा लावला. तेव्हा न्यायमूर्तींनी सांगितलं की ग्राहकाचं गुपित राखणं हा बँकेच्या कराराचाच भाग आहे, आणि ते फोडायला चारच वाटा आहेत: कायद्याची सक्ती, सार्वजनिक कर्तव्य, बँकेचं स्वतःचं हित, आणि ग्राहकाची संमती. मुलाजवळ पहिल्या तीन वाटा नव्हत्या. चौथी त्यानं मागितली. सांगलीकर म्हणाला, नको.

मुलानं विचारलं, ‘‘मी एवढंच लिहू का, की कारण आहे, पण सांगता येत नाही?’’

मी जोरात नाही म्हणालो. इतका जोरात की तो दचकला. त्यामागे एक जुनी गोष्ट आहे. ती मी तोवर घरातही सांगितली नव्हती.

नव्वदच्या सुमारास मी एका तालुक्याच्या गावी शाखेत होतो. तिथल्या एका किराणा दुकानदारानं मुदतीच्या चार ठेवी एकदम मोडल्या, दंडाचं व्याज सोसून. मुलीचं सासर सुटलं होतं आणि तिला माहेरी वेगळं घर करून द्यायचं होतं. गावात कळू नये म्हणून तो माझ्याशी केबिनमध्ये बोलला. चार दिवसांनी त्याला माल पुरवणारा व्यापारी ड्राफ्ट काढायला आला. सहज विचारावं तसं त्यानं विचारलं, ‘‘शेटचं बरं चाललंय ना?’’ मी काही बोललो नाही. ‘‘त्यांनाच विचारा की,’’ म्हणालो आणि हसलो. ते हसू जरा उशिरा आलं. बस्स. व्यापारी उठला, बाजारात गेला, आणि दिवाळीच्या तोंडावर त्या दुकानाला उधारीवर माल मिळणं बंद झालं. नोकरीला लागताना मी निष्ठा आणि गोपनीयतेच्या घोषणापत्रावर सही केली होती. तिच्यातलं एकही अक्षर मी मोडलं नव्हतं. दुकानदार पुढे वर्षभर शाखेत येत होता, माझ्या टेबलापाशी थांबत मात्र नव्हता. त्याला कळलं होतं की नाही, मला अजूनही माहीत नाही.

म्हणून मी मुलाला म्हणालो, ‘‘कारण आहे असं म्हटलंस की अर्धं सांगितलंस. उरलेलं अर्धं लोक स्वतः जुळवतात. तू नियमाप्रमाणे मतं घे आणि गप्प बस.’’

आमची ही पलंगावर विणत बसली होती. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, ‘‘सासूबाईंनी काय केलं असतं?’’

माझी आई सदाशिव पेठेतल्या वाड्यात भिशी चालवायची. बारा-पंधरा बायका. नंबर चिठ्ठ्यांनी ठरलेले. कधी एखादी येऊन हळूच म्हणायची, माझा नंबर पुढच्या महिन्यात आहे, तो मला या महिन्यात हवाय, अमकी बदलून द्यायला तयार आहे. आई दोघींना समोर उभं करून विचारायची, राजी आहात? आणि वहीत नंबर बदलायची. बाकीच्या कुजबुजायच्या. का म्हणून बदलला, हिला कशाला हवेत पैसे, नवऱ्याचं परत सुरू झालं की काय? आईचं उत्तर ठरलेलं, ‘‘वही माझ्याकडे आहे ना? मग मी बघीन.’’ मतं-बितं ती घेत नसे.

‘‘ती भिशी होती,’’ मी म्हणालो. ‘‘इथं बाराशे डॉलर आहेत.’’

‘‘भिशीतही पैसेच होते,’’ ही म्हणाली.

कमिशनरला स्वतःच्या अधिकारात सौदा मंजूर करण्याची सोय होती. मुलाला ते माहीत होतं, मलाही होतं. पण बँकेत अडतीस वर्षं काढलेला माणूस कागदाआड उभा राहायला शिकलेला असतो. मी म्हणालो, नियम आहे, मतं घे. त्यानं घेतली. बुधवारी संध्याकाळपर्यंत सहाजणांनी विरोध केला. सौदा रद्द झाला. सांगलीकर तेव्हा विमानतळाच्या वाटेवर होता.

त्या रात्री मला झोप आली नाही तेव्हा मी पहिल्यांदा त्या नियमाकडे नीट पाहिलं. मतं कोणाची? प्रतिस्पर्ध्यांची. नाशिककराचा संघ बळकट झाला तर ज्यांचं नुकसान, तेच न्यायाधीश. शेजाऱ्याचं कर्ज मंजूर करावं का, हे समोरच्या दुकानदाराला विचारण्यासारखं. त्यात मत कोणी काय दिलं ते जाहीर होत नव्हतं. म्हणजे ज्याला कारण सांगायचं नव्हतं त्याच्याकडे सगळे कारण मागत होते, आणि जे सौदा मोडत होते त्यांना मात्र कारणही द्यायचं नव्हतं, नावही.

आणि असमान म्हणजे काय, हे ठरवणार कोण? खऱ्या फुटबॉलमधलं एक उदाहरण त्या दिवसांत नातवानं मला सांगितलं. १९८९ च्या ऑक्टोबरात डॅलस काउबॉईज संघानं हर्शल वॉकर हा आपला सर्वात मोठा धावपटू मिनेसोटा व्हायकिंग्ज संघाला देऊन टाकला. बदल्यात पाच खेळाडू आणि पुढच्या वर्षांत नवे खेळाडू निवडण्याचे हक्क घेतले. डॅलसनं त्या मोसमात सोळापैकी एकच सामना जिंकला, लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. पण त्या हक्कांच्या जोरावर त्यांनी १९९० साली एमिट स्मिथला घेतलं, संघ उभा केला आणि १९९३, १९९४ आणि १९९६ च्या जानेवारीत अंतिम सामने जिंकले. तेव्हा मतदान घेतलं असतं तर दयेपोटी डॅलसचा सौदा रद्द झाला असता! मूर्खपणा आणि लबाडी यांच्यातला फरक सौद्याच्या कागदावर दिसत नाही. माणसाला गाठून विचारलं तरच दिसतो, आणि सगळ्यांच्या देखत विचारलं तर तो खरं सांगेलच असं नाही.

यावर कोणी म्हणेल, मग सगळंच झाकलेलं बरं का? तसंही नाही. २०१५ साली त्याच अमेरिकेत एक मोठं प्रकरण झालं. मित्रांच्या लीगऐवजी रोजच्या रोज अनोळखी लोकांशी पैसे लावून खेळायच्या दोन बड्या कंपन्या तेव्हा होत्या, ड्राफ्टकिंग्ज आणि फॅनड्युएल. ड्राफ्टकिंग्जच्या एका नोकरानं, कोणत्या खेळाडूला किती लोकांनी घेतलंय ही आतली माहिती चुकून वेळेआधी प्रसिद्ध केली. त्याच आठवड्यात त्यानं फॅनड्युएलवर साडेतीन लाख डॉलर जिंकले. ती माहिती हाती असेल तर लोकांनी न घेतलेले खेळाडू निवडून गर्दीच्या पुढे जाता येतं. पुढे कंपनीनं नेमलेल्या चौकशीत निघालं की त्याला माहिती मिळाली तेव्हा फॅनड्युएलवर संघ बदलायची मुदत संपून गेली होती, म्हणजे तिचा त्याला उपयोग झाला नव्हता. पण तोवर बोभाटा झाला होता. कंपन्यांनी आपल्या नोकरांना एकमेकांकडे पैसे लावून खेळायला बंदी केली, न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलनं त्यांचा व्यवहार थांबवायला सांगितलं आणि २०१६ साली त्या राज्यानं कायदा करून खेळ नियमांत बसवला. आपल्याकडचा प्रवास उलट झाला. न्यायालयांनी हा कौशल्याचा खेळ मानला होता, पण २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि ड्रीम इलेव्हननं पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. तो विषय मोठा आहे, इथं नको. मला एवढंच दिसतं की त्या नोकराचं गुपित आणि सांगलीकराचं गुपित यांना एकच शब्द वापरणं हा भाषेचा आळस आहे. एकाच्या गुपितात इतरांचे पैसे होते. दुसऱ्याच्या गुपितात त्याचा बाप होता.

रविवार आला. साडेअकराला यादी लागली. त्या मांडी दुखावलेल्या धावपटूचं नाव यादीत होतं. तो खेळणार नव्हता. सांगलीकराच्या संघात तो आतच राहिला होता. मुलाला कमिशनर म्हणून त्याला बाहेर काढून दुसरा घालता आला असता, पण इतका गदारोळ झाल्यावर त्याचा हात पुढे झाला नाही. मी शेजारीच बसलो होतो. मीही काही बोललो नाही. त्या जागी भोपळा आला आणि सांगलीकर अकरा गुणांनी हरला. पुढच्या आठवड्यातही तसंच.

या फुकटच्या विजयानं ज्याचं भलं झालं तो चौदाव्या आठवड्याअखेर सहावा आला आणि बाद फेरीत पोचला. सातव्या नंबरावर राहिल्या त्या बाई. त्यांनी सौद्याच्या विरोधात मत दिलंच नव्हतं. स्पर्धा निर्मळ राहावी म्हणून सहाजणांनी जे केलं, त्याची किंमत सातव्या माणसानं मोजली.

सांगलीकराचे वडील डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेले. मंडळाच्या गटावर बातमी आली आणि लीगचा गट तीन दिवस बंद पडल्यासारखा झाला. वकीलसाहेबांनी हातानं लिहिलेलं पत्र त्याच्या घरी पाठवलं. त्यात काय होतं ते सांगलीकरानं कोणाला दाखवलं नाही. तो दिवस उरकून परत आला तेव्हा आम्ही भेटायला गेलो. फुटबॉलचा विषय अर्थातच निघाला नाही. निघता निघता मीच अपराध्यासारखा म्हणालो, ‘‘मुलाला मतं घ्यायला मी सांगितलं होतं.’’

तो म्हणाला, ‘‘माहितीय काका. त्यानं मला तेव्हाच सांगितलं.’’ आणि मग थोडं थांबून, ‘‘दवाखान्यात एका रात्री दहाला मी फोन उघडला होता. यादी बघायला. बाबांनी विचारलं, काय बघतोयस? मी म्हटलं, काही नाही. बंद केला.’’

आम्ही पुण्याला परतलो. २०२५ च्या जुलैत मुलाचा फोन आला की नियम नव्यानं लिहायचेत, तुम्ही मसुदा करा. तीन रविवार बसून केला. आयुष्यभर परिपत्रकं वाचली, लिहायची हौस राहून गेली होती. मतदान काढून टाकलं. शंका आली तर कमिशनरनं दोघांशी वेगवेगळं, खासगीत बोलायचं. ज्यांचा सौद्याशी आणि गुणतक्त्याशी संबंध कमीत कमी येतो अशा एका सभासदाला चिठ्ठी टाकून बरोबर घ्यायचं. ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. निकालाखाली दोघांनी नावानिशी सही करायची. जो मालक खेळाडू नेमू शकणार नाही त्यानं कमिशनरला कळवायचं, कारण न देता, आणि मग कमिशनरनं त्याचा संघ दर रविवारी यादी पाहून लावायचा. ‘कारण न देता’ हे शब्द हिनं घालायला लावले.

मसुदा सगळ्यांना पाठवला. वकीलसाहेबांनी दोन स्वल्पविराम सुधारले. बाई म्हणाल्या, चिठ्ठी टाकायची तर सगळ्यांसमोर टाका. सांगलीकरानं मला वेगळा निरोप पाठवला, ‘‘काका, छान आहे. पण हे तेव्हा असतं ना, तरी चिठ्ठीत निघालेल्या माणसाला मी सांगितलं नसतं.’’

ऑगस्टच्या शेवटी, तिथल्या शनिवारी रात्री, त्यांनी नव्या मोसमाचे खेळाडू वाटून घेतले. इथं रविवारची सकाळ होती. मुलानं फोन टेबलावर उभा करून आम्हाला दाखवलं. तळघरात बारा माणसं, मधे चिवड्याची परात, भिंतीवर नावांचा तक्ता. सांगलीकराची पाळी दुसऱ्या फेरीत आली तेव्हा त्यानं तोच मांडी दुखावलेला धावपटू घेतला. मुलानं विचारलं, ‘‘पाय बरा आहे का आता त्याचा?’’

‘‘यादी लागेल तेव्हा कळेल,’’ तो म्हणाला आणि परातीतून मूठभर चिवडा उचलला.